घरच्या सुगंधाची मराठी पोथी

घरी सुगंध सिद्ध करण्याची कला दिवाळीच्या उटण्यापुरतीच आहे, असा आपला समज असतो. या कलेला मराठी पोथीचा आधार आहे. पाचगणीहून सुमारे १०० किलोमीटरवरील पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि एका अनामिकाचा ‘गंधवाद’ हे संस्कृत ग्रंथ प्रकाशात आणले. पैकी ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे, तिचा काळ गोडे यांनी अंदाजे १३५० ते १५५० असा धरला.

‘गंधसारा’त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन अशा सहा क्रिया येतात. नावे भारदस्त, कृती बहुतेक चुलीजवळच्या! चूर्ण सुवासिक रसात भिजवून मुरविणे हे भावन, धुरी देणे हे धूपन, फुलांच्या सहवासात ठेवणे हे वासन. तिळांत जाईची फुले थरांनी घालावीत, कोमेजली की बदलावीत, मग तेल काढावे, ही आपली जुनी रीत याच जातीची. तिळातील स्नेह फुलांचा गंध शोषून घेतो.

संस्कृत न जाणणाऱ्याच्या हाती ही विद्या द्यावी, असे कोणास तरी वाटले. आम्हांस गंगाधराहून हा टीकाकारच थोर वाटतो. १९८९ साली बडोद्याहून दोन्ही ग्रंथ छापून निघाले. मूळ ग्रंथकाराप्रमाणेच टीकाकारही अनामिक राहिला.