तांबडी सुर्लचा एकांत

सह्याद्रीच्या पायथ्याशी, तांबडी सुर्लच्या निबिड अरण्यात, नदीकाठी श्रीमहादेवाचे कदंबकालीन, काळ्या पाषाणाचे मंदिर उभे आहे. ते पूर्वाभिमुख असून वाहत्या पाण्याचा नाद तेथे अखंड ऐकू येतो.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील देवालये उद्ध्वस्त केली. अनेक देव नदीपार अंत्रुजात गेले. घाटाखालचा हा प्रदेश त्या वेळी त्या सत्तेबाहेर होता. अठराव्या शतकात तो तिच्या हाती गेला, तेव्हा देवळे पाडण्याचे जुने धोरण मागे पडले होते. येथील देव मूळ जागीच राहिला.

ज्या कुळांच्या दैवतांची मूळ स्थाने गेली, त्यांचे मन या नीरव मंडपात घटकाभर बसल्याने निवते. हा एकांत राखणे हे पुढील पिढ्यांचे कर्तव्य होय.