तळटीप : ‘पॅक-१२’ची फाटाफूट
पॅक-१२ : अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठांचा क्रीडागट; मूळ स्थापना १९१५. लेखक म्हणतात ती फाटाफूट २०२४ साली पुरी झाली. दूरचित्रवाणीच्या पैशापायी बारापैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली. ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट तेवढी उरली. त्यांपैकी लॉस एंजेलिसचे यूसीएलए विद्यापीठ ‘बिग टेन’ या दुसऱ्या क्रीडागटात गेले (नावात दहा, सभासद अठरा!). अमेरिकन फुटबॉलचा सामना आठवड्याला एकच, त्यामुळे त्या संघाचे भागते. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलींना मात्र न्यू जर्सीत ‘बिग टेन’मधल्याच रटगर्स विद्यापीठाशी खेळायचे तर अभ्यास सांभाळून सारा देश ओलांडावा लागतो. यूसीएलए बाहेर पडल्याने बर्कली या भगिनी विद्यापीठाचे जे नुकसान झाले, त्यापोटी यूसीएलएने वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत, असे दोघांच्या सामाईक नियामक मंडळाने २०२४मध्ये ठरवले. — संपादक