दोन अर्थांचा सोंगाड्या

दादा कोंडके हे नाव काढलं की आपल्याकडच्या घरांत दोन प्रकारची माणसं दिसतात. एक खाकरून विषय बदलतात. दुसरी आधी हसतात आणि मग आजूबाजूला कोणी वडीलधारं आहे का ते पाहतात. हीच माणसं 'सोंगाड्या' लागला की टीव्हीसमोरून हलत नाहीत. मराठी मुसलमानांच्या घरांत हे चालतं तसंच सदाशिव पेठेतल्या घरांतही चालत आलंय. या एका बाबतीत आपली आणि त्यांची तहजीब अगदी जुळते.

मला मात्र दादांकडे इतिहास म्हणून पाहायचं आहे. एका वाक्यात माणसाला गडबडवून टाकणारा विनोद मराठीत कुठून आला, तो कोणी कमावला आणि त्यात आपला वाटा काय, हे पाहायचं आहे.

सुरुवात भोरपासून करावी लागते. कोंडक्यांचं मूळ गाव इंगवली, भोर तालुक्यातलं. दादांचा म्हणजे कृष्णा कोंडके यांचा जन्म 8 ऑगस्ट 1932 चा, मुंबईत, नायगाव-लालबागच्या गिरणगावात. गाव भोरचं आणि जन्म मुंबईचा, ही त्या काळच्या हजारो मावळ्यांची कहाणी आहे. भोर हे पंतसचिवांचं संस्थान, 1948 साली भारतात विलीन झालेलं. शेजारचा वेल्हे तालुका, ज्याला सरकारने अलीकडे राजगड हे नाव दिलं, तो तर सगळा डोंगरच. राजगड आणि तोरणा दोन्ही त्याच्या हद्दीत. इतिहासाच्या पुस्तकात या भागाला मोठी जागा आहे. शेतीला मात्र जागा कमी. पाऊस मुबलक, पण जमीन उताराची. भात आणि नाचणी काढून झाली की पुढे काय, हा प्रश्न. त्याचं उत्तर गिरणीत मिळायचं. कोंडक्यांच्या घरातली माणसंही बॉम्बे डाइंगमध्ये कामाला होती.

गिरणगाव म्हणजे अनेक गावांच्या बोली एका चाळीत कोंबलेल्या. मावळी, कोकणी, घाटी, वऱ्हाडी, तेलुगू आणि आपली दखनी. एका बोलीतला साधा शब्द दुसरीत भलताच निघतो, हे तिथल्या पोराला शाळेत जायच्या आधी कळतं. दादांच्या विनोदाची शाळा हीच होती असं माझं मत आहे. त्याच काळात त्याच शहरात बद्रुद्दीन काझी नावाचा एक तरुण बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होता आणि तिकिटं फाडता फाडता उतारूंना हसवत होता. बलराज साहनींनी त्याला हेरलं, 1951 च्या 'बाझी'त तो पडद्यावर आला आणि जगाने त्याला जॉनी वॉकर म्हणून ओळखलं. काही वर्षांनी कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांत वाढलेला कादर खान साबू सिद्दिक कॉलेजात शिकवता शिकवता संवाद लिहू लागला. मुंबईच्या कष्टकरी वस्तीने विनोदाला जे दिलं त्याचा हिशेब भाषेप्रमाणे किंवा धर्माप्रमाणे मांडता येत नाही. मांडणारे मांडतात, ती गोष्ट वेगळी.

दादांनी अपना बाजारात नोकरी केली, बँड वाजवला आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम केलं. निळू फुले आणि राम नगरकर हेही सेवा दलातूनच आले. आज ज्यांना फक्त चावट विनोदासाठी ओळखलं जातं, ते दादा समाजवाद्यांच्या तालमीतले होते, ही गोष्ट लोक सोयीस्कर विसरतात.

इथे जरा मागे जायला हवं. तमाशाचा क्रम ठरलेला असतो: गण, गौळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग. यातली बतावणी आणि गौळणीतली मावशी ही आपल्या विषयाची खाण. तिथे गोष्ट नसतेच. एकाने सरळ प्रश्न विचारायचा आणि सोंगाड्याने असं उत्तर द्यायचं की प्रश्नच उताणा पडावा. नमुना म्हणून मीच एक रचतो. राजा विचारतो, "राज्यात सगळं ठीक आहे ना?" हवालदार म्हणतो, "समदं ठीक हाय म्हाराज, फकस्त राज्य कुठं दिसंना." एवढंच. यात कोणाला शिवी नाही, कोणाचं नाव नाही, पण ज्या दिवशी गावात रेशनचं धान्य आलेलं नसेल त्या दिवशी हे वाक्य ऐकून पुढच्या रांगेतला मामलेदार चुळबुळ करेल.

या खाणीत आपलीही माणसं होती. उत्तर पेशवाईतल्या नामांकित शाहिरांत रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम यांच्याबरोबर सगनभाऊचं नाव येतं. सगनभाऊ मुसलमान, जेजुरीचा, धंद्याने शिकलगार. शस्त्रांना धार लावणारा हा माणूस पुण्यात येऊन लावण्यांना धार लावत बसला. अगदी अलीकडचं पाहायचं तर बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख. त्यांनी अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा अण्णा भाऊंनी त्याला 'लोकनाट्य' म्हटलं आणि खेळ चालू ठेवला. नाव बदललं की कायदा गोंधळतो, हा विनोद तर कोणत्याही बतावणीपेक्षा सरस होता. पुढे सेवा दलाच्या कलापथकाला जो साचा मिळाला तो असा घडत आलेला होता. दादांच्या हाती तो आयता आला.

त्यांना हवा होता लेखक. 'खणखणपूरचा राजा' या लोकनाट्यातलं दादांचं काम वसंत सबनीसांनी पाहिलं होतं आणि त्यांना ते आवडलं होतं. सबनीस सोलापूरकडचे, सरकारच्या प्रसिद्धी खात्यात नोकरी करणारे. सरकारची स्तुती लिहिण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने सरकारची सर्वांत मोठी टिंगल लिहावी, हा योग मला फार आवडतो. त्यांचा 'छपरी पलंगाचा वग' 1965 मध्ये 'विच्छा माझी पुरी करा' या नावाने रंगमंचावर आला.

गोष्ट साधी आहे. राजा गावाला गेलेला. कोतवालाची जागा रिकामी झाली. हवालदाराला वाटतं बढती आपल्याला मिळणार. प्रधान ती भलत्याच आपल्या माणसाला देतो. मग हवालदार मैनावतीला हाताशी धरून नव्या कोतवालाला राजाचा छपरी पलंग चोरायला लावतो आणि पकडून देतो. ज्यांनी कधी सरकारी कचेरीत बढतीची यादी वाचली असेल त्यांना हे नाटक समजावून सांगायची गरज नाही. हिंदीत ते 'सैयां भये कोतवाल' या नावाने गेलं आणि तिथेही जोरात चाललं, कारण कोतवालाची जागा प्रत्येक प्रांतात असते.

सबनीसांनी जाणीवपूर्वक संहितेत मोकळी जागा सोडली होती. दादा ती जागा त्या दिवसाच्या बातमीने भरत. मंत्री, महागाई, समोर बसलेला पुढारी, कोणीही सुटत नसे. पंधराशेच्या वर प्रयोग झाले आणि एकही प्रयोग दुसऱ्यासारखा झाला नसेल. म्हणून दादांना 'नट' म्हणून सोडून देणं मला अपुरं वाटतं. रोज रात्री जो नवी वाक्यं घडवतो तो लेखकच, भले त्याने कागदाला हात लावला नसेल. आपल्याकडे लिखाणाला जो मान आहे तो तोंडी रचनेला नाही. हा मान कधी वाटला गेला आणि कोणी वाटला, हे वेगळं सांगायला नको.

आशा भोसल्यांनी हा प्रयोग पाहिला आणि भालजी पेंढारकरांना दादांचं नाव सुचवलं. 1969 च्या 'तांबडी माती'त भालजींनी त्यांना घेतलं. मग दादांनी स्वतः निर्माता होऊन 1971 मध्ये 'सोंगाड्या' काढला. कथा पुन्हा सबनीसांची, दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी. ढगळ अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी, तोंडात 'आये' आणि समोर रत्नमालाबाईंची आई. हा भोळा गडी भोर-मावळातून सरळ उचललेला होता.

त्यानंतरचा प्रसंग आपल्या वाचकांना अस्वस्थ करणारा आहे आणि तो टाळायचा नाही. दादरच्या कोहिनूर थिएटरात 'सोंगाड्या'ला जागा मिळेना, देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचा होता. दादा बाळ ठाकऱ्यांकडे गेले. शिवसैनिक थिएटरवर पोहोचले आणि 'सोंगाड्या' लागला. दादा पुढे शिवसेनेच्या व्यासपीठावरून प्रचारही करू लागले. 1970 च्या मे महिन्यात भिवंडी-जळगावला काय झालं ते ज्यांच्या घरात अजून बोललं जातं, त्यांना ही दोस्ती रुचणार नाही. मलाही रुचत नाही. पण मराठी चित्रपटाला त्याच्याच शहरात पडदा मिळत नव्हता हेही खरं, आणि तो मिळवून द्यायला दुसरं कोणी पुढे आलं नाही हेही खरं. सेवा दलाचा पोरगा तिथे कसा पोहोचला याचं उत्तर एकट्या दादांकडे मागून चालणार नाही. ते समाजवाद्यांकडेही मागावं लागेल.

'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम' अशी रांग लागली. लागोपाठ नऊ चित्रपट पंचवीस आठवडे चालल्याची नोंद गिनेस बुकात झाली. 'पांडू हवालदार' (1975) दादांनी स्वतः दिग्दर्शित केला. याच चित्रपटाने अशोक सराफांना मोठं केलं, आणि त्याच्या दोन संगीतकारांना दादांनीच राम-लक्ष्मण हे नाव दिलं. 'मैंने प्यार किया'च्या कॅसेटवर पुढे देशभर पोहोचलेलं नाव ते हेच.

आता द्व्यर्थाकडे येऊ, कारण खरा वाद तिथे आहे. मराठीत आपण त्याला श्लेष म्हणतो. उर्दू-फारसीत त्याच्या एका प्रकाराला 'ईहाम' म्हणतात: शब्दाला एक जवळचा अर्थ, एक दूरचा; ऐकणाऱ्याचं मन आधी जवळच्याकडे धावतं, कवीच्या मनात दूरचा असतो. मुहम्मदशाहाच्या काळात दिल्लीत आबरू, नाजी, हातिम या शायरांनी ईहामचं एवढं वेड लावलं की ती एक चळवळच झाली. मग मिर्झा मझहर जानेजानां यांच्यासारख्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. हातिमने तर 1750 च्या दशकात स्वतःचाच दीवान चाळून, नकोसं काढून 'दीवानजादा' तयार केला.

दादांचं 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (1986) हे नाव या कसोटीवर घासून पाहा. 'दिया' हे नाम धरायचं की क्रियापद, एवढाच प्रश्न आहे. नाम धरलं तर रात्री कंदील देणारा सज्जन उभा राहतो. क्रियापद धरलं तर काय ते ऐकणाऱ्याने स्वतःच भरायचं. सेन्सॉर बोर्डाची पंचाईत इथेच होती. आक्षेप घ्यायचा तर आधी कबूल करावं लागतं की दूरचा अर्थ आपल्याच मनात आला. व्याकरणाच्या दृष्टीने हे काम आबरूच्या दर्जाचं आहे, असं मी म्हणालो तर उर्दूचे प्राध्यापक माझ्यावर धावून येतील. येऊ देत.

तक्रार मला दुसरीच आहे. 'विच्छा'तला हवालदार ज्या वाक्यांनी प्रधानाला उघडं पाडत होता, तीच वाक्यं हळूहळू नायिकेच्या अंगाभोवती घुटमळू लागली. 'सोंगाड्या'त भोळेपणाला बाईची भीती आहे, कुतूहल आहे. 'आली अंगावर' (1982) पर्यंत येता येता भोळेपणा नुसता मुखवटा उरतो. सत्तेवरचा विनोद बाईवर उतरला, कारण तिकडे हशा स्वस्त मिळतो. हिंदीतल्या चित्रपटांत तर तेवढंच राहिलं, आणि तिथे दादांची मावळी बोलीही नव्हती जी मराठीत त्यांना सांभाळून घ्यायची.

सबनीस वेगळ्या वाटेने गेले. 1988 च्या 'अशी ही बनवाबनवी'ची पटकथा-संवाद त्यांचे. मूळ कल्पना 1966 च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली, ज्यात मेहमूद होता. पण सबनीसांनी भाड्याच्या खोलीची वणवण पुण्यात आणली आणि संवाद असे लिहिले की आज चित्रपटानंतर जन्मलेली पोरं ते मोबाइलवर एकमेकांना पाठवतात. त्या चित्रांखाली नटांचे चेहरे असतात. सबनीसांचं नाव नसतं.

14 मार्च 1998 ला दादा गेले. सबनीस 2002 मध्ये. 'एकटा जीव' हे अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेलं दादांचं आत्मकथन अजून बाजारात मिळतं. भोरच्या राजवाड्यात दर वर्षी कुठल्या ना कुठल्या सिनेमाचं शूटिंग लागतं. तिथून इंगवली त्याच तालुक्यात आहे.