उतारवयातील गंधर्व आणि त्याचे श्रोते

कलावंताचे चरित्र लिहिणारे त्याच्या बहराची वर्षे तपशिलाने रंगवितात आणि उतारवय चार ओळींत आटोपतात. त्यांत दयाबुद्धी असते. पण इतिहासाचे मात्र नुकसान होते. बहराच्या काळात लोक कलावंताकडे का धावले, हे सांगावयास फारसा विचार लागत नाही. गळा गोड होता, रूप देखणे होते, म्हणून धावले. परंतु गळा थकल्यावर आणि रूप ओसरल्यावरही जे लोक तिकीट काढून गेले, ते कशासाठी गेले? हा प्रश्न विचारावयास बालगंधर्वांइतके योग्य उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. आणि आम्हां खानदेशवासीयांचा तर त्या उदाहरणाशी घरचा संबंध आहे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. त्यांच्या बालपणातील काही काळ जळगावी गेला आणि मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे आरंभीचे धडे त्यांनी येथेच घेतले. पुढे १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले, १९११ साली ‘मानापमान’ नाटकातील भामिनी झाले, आणि १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्या साथीने त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू या त्यांच्या भूमिकांनी घरोघर ठाव घेतला. त्या काळचा खानदेश कापसाच्या पैशाचा होता. जळगाव व भुसावळ मुंबई-नागपूर लोहमार्गावर, धुळे चाळीसगावच्या फाट्याने त्याला जोडलेले, अमळनेर तापीकाठच्या मार्गावर. पेटारे, पडदे आणि माणसे घेऊन फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांना असा मुलूख सोयीचाच वाटणार.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपण ‘बालगंधर्वांचे गाणे’ असे म्हणतो. पण ते गाणे एकट्याचे नव्हते. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर कांबळे, अशी जोड त्या गळ्याला लाभली होती. गाणारा श्वास घेई तेव्हा ती जागा सारंगी भरी. तो समेवर येई तेव्हा तबला त्याला अलगद उतरवून घेई. मंडळी हा शब्द त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरा होता.

पुढे बोलपट आला. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्व संत एकनाथ झाले, परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही. त्यात नवल नाही. कॅमेऱ्यापुढे ‘वन्स मोअर’ येत नाही! पदाला दाद मिळाली की तेच पद नव्या जागा घेऊन पुन्हा गाणारा हा नट. त्याचे निम्मे गाणे श्रोत्यांच्या घशातून निघत होते. ते रंगभूमीवर परतले तेव्हा पन्नाशी आली होती. थिरकवा पुढे रामपूर दरबारी गेले. जुनी जोड विस्कटली. कंपनीवरील कर्जाचे ओझे तर जन्मभराचे सोबती होते. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्या. पुढे बालगंधर्वांचे पायही अधू झाले. मग बसून भजने गावयाची, एवढेच उरले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५५ साली मिळाला तेव्हा वय ६७. पद्मभूषण १९६४ साली मिळाले तेव्हा ७५. १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ध्वनिमुद्रिकांत त्यांचा उमेदीतला आवाज आहे. पण मुद्रिकेच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावतात. रात्र संपेपर्यंत रंगणारे नाटक त्यांत कसे मावावे? म्हणून मुद्रिका ऐकलेला माणूस उतारवयातील मैफलीला गेला, तर तो आवाज ऐकण्यास गेला असे म्हणता येणार नाही. आवाज घरीच अधिक चांगला होता. तो गेला मुद्रिकेत नसलेल्या गोष्टीसाठी: गाणाऱ्याच्या समोर बसणे, शेजाऱ्याने मान डोलावलेली पाहणे, आणि थकलेला गळा ओळखीच्या जागेपाशी आला की साऱ्या सभेने ती जागा मनातल्या मनात पूर्ण करणे. पूर्वी सारंगी जे काम करी, ते आता श्रोत्यांच्या आठवणीने पत्करले होते.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. लंडनमध्ये १९६२ साली निघालेला ‘रोलिंग स्टोन्स’ हा रॉक संगीताचा संच एप्रिल २००३ मध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर वाजविण्यास आला. गायक मिक जॅगर साठीच्या उंबरठ्यावर होता, ताशेवादक चार्ली वॉट्सने साठी ओलांडली होती. तेथेही लोक तबकड्यांतून तोंडपाठ झालेलीच गाणी ऐकण्यास गेले होते. दोहोंत फरक मात्र मोठा आहे. जॅगर, रिचर्ड्स आणि वॉट्स हे तिघे चाळीस वर्षांनंतरही एकत्र उभे होते. एकाचे उणे दुसऱ्याची सवय झाकीत होती. शिवाय ते संपन्न होते. न गाता घरी बसणे त्यांना परवडणारे होते. बालगंधर्वांना ते परवडणारे नव्हते. त्यांच्या उतारवयातील गायनाला भक्ती हे जसे कारण, तसे पोट हेही कारण. या दुसऱ्या कारणाचा उल्लेख टाळून केवळ भक्तीचे गोडवे गाणे म्हणजे ज्या समाजाने त्यांना वृद्धपणी निर्धास्त बसू दिले नाही, त्या समाजाला फुकट माफी देणे होय.

इतिहास म्हणून आपल्या हाती काय राहते? इतिहासाचार्य राजवाड्यांनी अखेरचा श्वास धुळ्यास घेतला आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. दप्तरे वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी मिळवावीत, ही त्यांची शिकवण. बालगंधर्वांच्या अखेरच्या मैफलींचे दप्तर कागदावर थोडे आणि माणसांत फार आहे. १९५० च्या सुमारास दहा-बारा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीकडे झुकली आहेत. जळगाव-धुळ्याच्या जुन्या घरांत अशी कोणी असतील, तर त्यांना नीट प्रश्न विचारावयास हवेत. ‘गाणे कसे होते?’ असे विचारले, तर वडिलांकडून ऐकलेले उत्तर मिळेल. त्यापेक्षा विचारावे, ‘तुम्ही कुठे बसला होता? तिकीट किती होते? साथीला कोण होते? लोक कोणत्या जागी गलबलले? कोणी मधूनच उठून गेले काय?’ स्मृती आवाजाविषयी खुशाल अतिशयोक्ती करील; परंतु सतरंजी, कंदील आणि शेजारी यांविषयी तिला खोटे बोलण्याचे कारण नसते.

जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे आणि त्यांच्या नावाने संगीत महोत्सवही होतो. नाव देणे चांगले. पण नाव मेल्यानंतरही देता येते. गावात एखादा वृद्ध गायक, शाहीर वा तमाशातला जुना सोंगाड्या येईल, तेव्हा ‘आता त्यांच्यात काय राहिले आहे’ असे म्हणून घरी बसू नये. तिकीट काढून जावे, पुढे बसावे आणि जेथे त्याचा श्वास अपुरा पडेल तेथे आपली दाद थोडी लांबवावी. गंधर्वांच्या श्रोत्यांनी एवढे केले होते. त्यांनी जे करावयाचे राहून गेले, ते म्हणजे म्हाताऱ्या कलावंताच्या भाकरीची तरतूद; ती अद्यापही आपणांकडे थकबाकी आहे.