प्लेग, जाती आणि इस्पितळें

पुण्याच्या प्लेगाचें नांव निघालें कीं आपणांस २२ जून १८९७ ची रात्र आठवते. गणेशखिंडीचा रस्ता, रँड व आयर्स्ट यांच्या गाड्या आणि चाफेकर बंधू. हा भाग आपल्या मुलांस तोंडपाठ असतो, व असावाही. परंतु त्या साथींत रुग्णांची शुश्रूषा कोणीं केली, आणि कोणाची केली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आम्हांस तो तितकाच महत्त्वाचा वाटतो.

मुंबईंत मांडवीच्या वस्तींत १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं हा रोग ओळखला. रुग्णास घरच्यांपासून तोडून इस्पितळांत न्यावयाचें, हा सरकारचा मुख्य उपाय. तेथें गेलेला माणूस परत येत नाहीं, अशी लोकांची समजूत. आणि पुष्कळ रुग्ण अगदीं शेवटच्या अवस्थेंत तेथें पोंचत असल्यामुळें ती सर्वस्वीं खोटी होती, असें म्हणवत नाहीं. ऑक्टोबरांत सुमारें एक हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. यावर, लोकांना विश्वासांत घ्यावें असें सरकारला सुचलें नाहीं. सुचला तो फेब्रुवारी १८९७ चा साथरोगांचा कायदा. त्याच्या जोरावर पुण्यांत गोरे शिपाई माजघरापर्यंत शिरले, सामानसुमान जाळलें गेलें, आणि लोक आपले आजारी लपवूं लागले. रोग पसरविणारी उंदरावरची पिसू तेव्हां कोणाच्या हिशेबींच नव्हती. सिमाँ या फ्रेंच संशोधकानें तिचा छडा लावला तो १८९८ सालीं. माणसांची झडती चालली होती आणि उंदीर मात्र मोकळे होते!

मुंबईंत ९ मार्च १८९८ रोजीं मदनपुऱ्यांतील जुलाह्यांच्या वस्तींत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. तेव्हांपासून सरकारचा हात ढिला झाला. तत्पूर्वींच मुंबईंतील निरनिराळ्या जातींनीं व पंथांनीं वर्गणी जमवून आपापलीं प्लेगचीं इस्पितळें काढलीं होतीं. पुण्यांत टिळकांनींही हिंदूंसाठीं असें इस्पितळ चालविलें. हाफकिनच्या लसीविषयीं लोकांत भय होतें. तेव्हां तरुण आगाखानांनीं चारचौघांसमक्ष स्वतःस लस टोंचून घेतली व आपल्या अनुयायांचें भय घालविलें. रोग तोच आणि औषधही तेंच होतें. परंतु अन्नपाणी स्वजातीच्या हातचें आणि उशाशीं ओळखीचें माणूस असलें म्हणजे जो रुग्ण काल माळ्यावर लपत होता तो आज आपण होऊन खाटेवर येऊन निजतो. हें सहकार्याचें फळ मोठें होतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

तथापि तें फळ सर्वांच्या वांट्यास सारखें आलें नाहीं. जातीचें इस्पितळ काढावयास जातींत पैका लागतो, पुढारी लागतो, सरकारदरबारीं वजन लागतें. ज्यांच्यापाशीं यांतलें कांहींच नाहीं, त्यांच्यासाठीं सरकारी छावणीवांचून काय उरलें? आपापल्या माणसांची काळजी घेण्याच्या या पद्धतींत ज्यांना कोणीच आपलें म्हणत नाहीं ते आपोआप बाहेर पडतात. उदार सुधारकांच्याही तें फारसें ध्यानांत आलेलें दिसत नाहीं.

ज्यांच्या ध्यानांत आलें त्यांत सावित्रीबाई फुले यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. जोतीरावांच्या पश्चात् त्यांनीं व त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनीं हडपसरजवळ माळरानावर प्लेगच्या रुग्णांसाठीं दवाखाना उघडला. तेथें येणाऱ्यास जात विचारली जात नसे. शिवाय रुग्ण येण्याची वाट न पाहतां बाई स्वतः वस्त्यांतून जात. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका आजारी मुलास त्यांनीं पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें. त्या वेळीं त्यांचें वय सहासष्ट. त्यांतच त्यांस प्लेगची बाधा झाली, व १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. शिपायांच्या झडत्या पुण्यांत सुरू झाल्या त्या त्याच महिन्यांत.