सिडनीच्या आधीची मल्लेश्वरी

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात कर्णम मल्लेश्वरीवर एकच ओळ सापडते: ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला, सिडनी, २०००, कांस्य. ओळ खरी आहे. पण तिच्यामुळे एका मोठ्या कारकिर्दीचा तोल बिघडलाय, असं माझं म्हणणं आहे.

आधी सिडनी पाहून घेऊ. १९ सप्टेंबर २०००, ६९ किलो वजनगट. भारोत्तोलनात दोन प्रकार असतात. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यापर्यंत आणि मग तिथून वर. प्रत्येकात तीन संधी, आणि दोन्हींतल्या सर्वोत्तम उचलींची बेरीज. मल्लेश्वरीने ११० आणि १३० मिळून २४० किलो उचलले. चीनची लिन वेनिंग आणि हंगेरीची एर्झेबेट मार्कुश, दोघी २४२.५ वर. बरोबरी झाली तर जिच्या शरीराचं वजन कमी ती पुढे, असा तेव्हाचा नियम. म्हणून सुवर्ण लिनला. मल्लेश्वरीने शेवटच्या संधीत १३७.५ किलो लावले होते. पेलले असते तर बेरीज दोघींच्याही पुढे, २४७.५. ते पेलले नाहीत. १३५ मध्येही भागलं असतं, हा हिशेब आज खुर्चीत बसून मांडणं फार सोपं. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांनी अशा ‘झालं असतं तर’वर पुष्कळ शाई खर्च केली आहे, त्यात मी भर घालत नाही.

मला दुसराच ‘तर’ सतावतो. तो १९९६ चा आहे.

मल्लेश्वरीचा जन्म १९७५ चा, आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातला. थोरली बहीण नरसम्माही वजनं उचलायची, म्हणजे हा खेळ घरातच आलेला होता. महिलांची जागतिक स्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाली होती. तिथे १९९३ साली मल्लेश्वरीने ५४ किलो गटात कांस्य मिळवलं. मग १९९४ आणि १९९५, लागोपाठ दोनदा जगज्जेती! १९९६ ला पुन्हा कांस्य. विशीतली मुलगी आपल्या गटात सलग चार वर्षं जगातल्या पहिल्या तिघींत आहे, आणि त्याच १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिंपिक भरतं. पण तिथे तिच्यासाठी स्पर्धाच नाही. जिंकणं सोडा, हरायचीसुद्धा सोय नाही.

पुरुषांचं भारोत्तोलन १८९६ च्या पहिल्या अथेन्स ऑलिंपिकपासून आहे, मधली काही वर्षं वगळता. बायकांसाठी ते खुलं झालं सिडनीत. मध्ये १०४ वर्षं गेली. आणि दार उघडलं तेव्हा मल्लेश्वरी ५४ किलोची राहिली नव्हती. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत तिने ६३ किलो गटात रौप्य मिळवलं होतं, आणि सिडनीला ती ६९ मध्ये उतरली. चार-पाच वर्षांत तीन गट. वजनगट बदलणं म्हणजे नुसतं चार घास जास्त खाणं नव्हे, बरं का. शरीर नवं, समोरच्या प्रतिस्पर्धी नव्या, उचलायचा आकडाही नवा. त्यातून आलेलं ते कांस्य. सिडनीत भारताला मिळालेलं एकमेव पदक.

आपल्याकडे खाशाबा जाधवांचंही असंच एका ओळीत आटोपतं: १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यानंतर थेट १९९६ मध्ये लिअँडर पेस, आणि मग मल्लेश्वरी. इतक्या दुष्काळात पडलेल्या थेंबाचं कौतुक होणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘पहिली’ हा शब्द खेळाडूचं बळ मोजतो, की आयोजकांनी दार कधी उघडलं ते मोजतो? मल्लेश्वरीच्या बाबतीत मला दुसरं जास्त वाटतं. तिची दोन जागतिक सुवर्णपदकं त्या एका ओळीत मावत नाहीत, कारण ती दाराबाहेर मिळाली होती.

२००४ च्या अथेन्समध्ये तिची स्पर्धा अपुरी राहिली आणि ती निवृत्त झाली. २०२१ मध्ये दिल्ली क्रीडा विद्यापीठाची पहिली कुलगुरू म्हणून तिची नेमणूक झाली. त्याच वर्षी टोकियोत मीराबाई चानूने ४९ किलो गटात २०२ किलो उचलून रौप्य मिळवलं. हीच मीराबाई २०१६ ला रिओत बाविशीच्या उंबरठ्यावर होती. क्लीन अँड जर्कच्या तिन्ही संधी वाया गेल्या, बेरीजच लागली नाही. पुढच्या वर्षी ती जगज्जेती झाली, आणि ऑलिंपिकचा हिशेब टोकियोत पुरा केला. मल्लेश्वरीच्या त्या वयात असं अपयश घ्यायलाही ऑलिंपिक नव्हतं.