पारपत्र, व्हिसा आणि आजार

भोर संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. तत्पूर्वी भोरलगतच्या उत्रोलीचा रहिवासी कायद्याच्या भाषेत ब्रिटिश प्रजाजन नसून ‘ब्रिटिश संरक्षित’ व्यक्ती होता. पारपत्र जाणारा माणूस कोणाचा हे सांगते. व्हिसा तो कशासाठी व किती काळ राहणार हे ठरवितो. परदेशी तो आजारी पडल्यास खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न मात्र दोहोंच्या बाहेरचा आहे.

1834 पासून मॉरिशसला जाऊ लागलेल्या करारबद्ध मजुरांत मराठी कुटुंबेही होती. त्यांचे जाणे, राहणे आणि औषधपाणी हे सारे एकाच करारपत्राने बांधलेले असे. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले ते अशाच मजुरांच्या तोंडी. (आपल्याकडील सुताराचे गिरमिट निराळे, साम्य केवळ ध्वनीचे.) मळ्यावर उपचाराची सोय करणे मळेवाल्यावर बंधनकारक होते, परंतु रजेवाचून एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. म्हणजे आजार मान्य न झाल्यास तोच अपराध ठरे.

पुढे हे कागद वेगळे झाले. शेंगेन देशांच्या अल्पकालीन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तेथे विमा ही प्रवेशाचीच अट आहे. उत्प्रवासाची मंजुरी घ्यावी लागणाऱ्या कामगारांसाठी भारत सरकारने 2003 मध्ये प्रवासी भारतीय विमा योजना आणली. 2017 च्या सुधारणेत अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी 10 लाख रुपये ठरले, रुग्णालयातील उपचारांसाठी 1 लाख. मरणाची तरतूद उपचाराच्या दसपट आहे.